जाड काचेची गोल चकती



आमच्या शाळेच्या कपाटात एक काच ठेवलेली आहे. एका जुन्या दुकानातली, चांगली पाऊण इंच जाड, आणि कडेने पाहिली तर बाटलीसारखी हिरवी. तिला मधोमध बशीएवढे गोल भोक आहे. कोणी पाहुणा आला, साहेब तपासणीला आले, की ती काच हातात घेतात, भोकात हात घालून पाहतात आणि विचारतात, "गुरुजी, हे भोक पाडलं कसं हो?" खरे सांगायचे तर आम्हाला भोक पाडावयाचे नव्हतेच. आम्हाला हवी होती ती भोकातून निघालेली चकती. भोक हा नुसता उरलेला भाग. पण लोकांना चकतीपेक्षा भोकाचेच नवल फार! तेव्हा आज मी तेच सांगणार आहे, जाड काच घरच्या घरी गोल कशी कापावी, आणि कापून करावयाचे काय.

करावयाचे काय, हे आधी सांगतो. आकाश पाहण्याची मोठी दुर्बीण दोन प्रकारची असते. एकीत पुढे भिंग असते. दुसरीत भिंगाच्या ऐवजी नळीच्या तळाशी एक अंतर्गोल आरसा असतो. १६६८ साली न्यूटनने केली ती दुसऱ्या प्रकारची. त्याचा आरसा धातूचा होता आणि तो लवकर काळा पडे. पुढे १८५० नंतरच्या दशकात जर्मनीत स्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये फूको यांनी काचेवर चांदीचा पातळ थर देऊन आरसे केले, आणि तेव्हापासून काच ही आरशाची पाठ झाली. ध्यानात ठेवा, या आरशात प्रकाश काचेतून जात नाही, वरच्या थरावरूनच परत फिरतो. म्हणून काच हिरवी असली, आत एखादा बुडबुडा असला तरी चालते. अमेरिकेत माउंट विल्सनवर १९०८ साली साठ इंचांची आणि १९१७ साली शंभर इंचांची दुर्बीण बसली. त्यांच्या आरशांच्या काचा फ्रान्समधल्या सॅं-गोबॅंच्या कारखान्यात ओतलेल्या होत्या आणि त्या हिरव्याच होत्या. त्या शंभर इंची आरशाने हबलला आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका दाखविल्या. तेव्हा आमच्या दुकानातल्या हिरव्या काचेने लाजण्याचे काही कारण नाही.

सहा इंची, म्हणजे दीडशे मिलिमीटरचा आरसा शाळेला पुरेसा होतो. अंधारात माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. क्षेत्रफळाचा हिशेब मुलांकडून करवून घ्या, म्हणजे हा आरसा उघड्या डोळ्यापेक्षा साडेचारशे पटीहून जास्त प्रकाश गोळा करतो असे त्यांना आपोआप कळेल. त्यात चंद्रावरची विवरे, गुरूचे चार मोठे उपग्रह, शनीची कडी हे सारे स्वच्छ दिसते.

आपल्याकडे हे काम नवे नाही. पुण्यात विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. तिथली मोठी दुर्बीण वीस इंची आरशाची होती. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. पण ती विलायतेहून आणलेली वस्तू. हौशी माणसांनी एकत्र येऊन आकाश पाहावे, अशी संस्था पुण्यातच १९४४ साली निघाली, ज्योतिर्विद्या परिसंस्था. आणि १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने पुण्यात आयुका ही संस्था स्थापन झाली. तिने पुढे शिक्षक आणि हौशी लोकांसाठी दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या. माणसे येत, आपल्या हाताने काच घासत आणि आरसा घेऊन घरी जात. मात्र अशा ठिकाणी काचेची चकती गोल कापलेली, तयार हातात मिळते. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात बसून ती कोठून आणावी? विकत मिळते, नाही असे नाही. पाण्याच्या बारीक जोरदार फवाऱ्याने काच कापणारी यंत्रेही मोठ्या शहरांत आहेत, ती काही मिनिटांत चकती काढून देतात. पैसे असतील त्यांनी खुशाल तसे करावे. आमच्याजवळ पैसे नव्हते आणि एक जाड काच फुकट मिळाली होती.

गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठी आमचे गाव. गावातल्या एका कापडवाल्याने दुकान मोडले तेव्हा गल्ल्यापुढची काच त्याने शाळेला दिली. लांबी जेमतेम सव्वा फूट, रुंदी साडेसात इंच. एवढ्यात दोन चकत्या निघतात, तिसरी नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यातली पहिली मी फोडली.

आता कापण्याविषयी. खिडकीची पातळ काच तसबिरींना काच बसवणारा हिरकणीने कापतो हे आपण पाहिले आहे. पण नीट पाहा, हिरकणी काच कापत नाही. ती वर एक बारीक ओरखडा काढते, आणि मग दाब दिला की त्या ओरखड्यापासून तडा खाली जातो. तडा सरळ जाण्यात पटाईत, वळण्यात नाही. चार-पाच मिलिमीटरच्या काचेत त्याला गोल वळवता येते. पाऊण इंची काचेत तो निम्म्या वाटेवर आपल्या मनाप्रमाणे जातो. आमच्या काचेचे दोन चौकोन परभणीच्या काचवाल्याने हिरकणीनेच करून दिले, कारण ते सरळ काम. गोल कापायचे म्हणताच त्याने हात जोडले. काही लोक चौकोनाचा अष्टकोन करतात, मग त्याचे कोपरे पकडीने टिचत टिचत गोल करतात आणि कड घासून घेतात. होते तसेही. पण एक टिचकी आत गेली की चकती वाया.

मग उपाय? जाड काच कापावयाची नसते, दळावयाची असते.

हे एकदा ध्यानात आले की सगळे सोपे. लोखंडी पत्र्याचे एक कडे घ्यायचे, ते काचेवर उभे ठेवायचे, त्याखाली काचेपेक्षा कठीण अशी पूड पाण्यातून सोडायची आणि कडे फिरवीत राहायचे. कडे काही काच खात नाही, काचेला खाते ती पूड. लोखंड मऊ म्हणून पुडीचे कण त्यात रुततात आणि कडे त्यांना घेऊन फिरते. किती कठीण पूड? काचेचा कठीणपणा दहाच्या मापावर साधारण साडेपाच. गारगोटीचा सात. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा, त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या पुष्कळ सापडतात, आणि गारगोटीने काचेवर ओरखडा निघतो हे गुरे राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. कुरुंदाचा कठीणपणा नऊ, आणि कार्बोरंडमचा त्याहून थोडा अधिक. हे कार्बोरंडम १८९१ साली ॲचिसन नावाच्या अमेरिकन माणसाला विजेच्या भट्टीत सापडले. आज ते यंत्रसामानाच्या दुकानात किलोवर मिळते. त्यातली ऐंशी नंबरची भरड पूड घ्यावी. गोदावरीच्या वाळूनेही काच कापली जाते, आम्ही एक दिवस करून पाहिले. पण वाळूचे कण लवकर बोथट होतात, आणि पोरांचे हात दुखून आले तरी चर काही खोल गेला नाही.

ही युक्ती आजची नव्हे. आपल्या मराठवाड्यातच पैठणला, भोकरदनला, तेरला जमीन उकरताना सातवाहनांच्या काळचे दगडाचे मणी पुष्कळ निघाले. लोखंडाला दाद न देणाऱ्या त्या दगडांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी सरळ बारीक छिद्रे पाडली आहेत. नुसत्या लोखंडी टोचणीचे ते काम नव्हे. मण्याहून कठीण असे काही तरी टोकाशी असल्याशिवाय आणि मनगटात सबुरी असल्याशिवाय ते होत नाही.

आता कडे कोठून आणायचे? माझी पहिली दृष्टी गेली ती बोअरच्या केसिंगकडे. दुष्काळाने आपल्या जिल्ह्यात इतके बोअर पाडायला लावले आहेत की सहा इंची पाइपाचा तुकडा कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे पडलेला असतो. पण त्याची जाडी मोजली तर जवळजवळ पाच मिलिमीटर. जितकी कड्याची जाडी तितका चर रुंद, आणि जितका चर रुंद तितकी काच जास्त दळावी लागते. म्हणून दोन मिलिमीटरचा पत्रा वाकवून, सांधून, आतून एकशे बावन्न मिलिमीटर भरेल असे कडे करून घेतले. उंची दोन इंच. लेथवाल्याकडून ते खरोखर गोल करून घ्यावे. कडे अंड्यासारखे असेल तर चर रुंद होतो आणि वेळ दुप्पट लागतो. खालच्या काठाला करवतीने सहा-आठ खाचा पाडाव्यात, म्हणजे पूड आणि पाणी खाली जाते. खाचा नसतील तर कडे नुसते चिखलावर घसरते.

हे कडे सागवानी लाकडाच्या जाड गोल फळीला खालून ठोकले. फळीच्या मधोमध भोक. काचेच्या बरोबर मध्यावर एक लहान लाकडी ठोकळा राळ आणि मेण यांच्या मिश्रणाने चिकटवला, त्यात एक बोल्ट उभा. फळीचे भोक त्या बोल्टात बसले की कडे इकडेतिकडे सरकत नाही. फळीच्या कडेजवळ एक खुंटा. वर वजनाला एक वीट बांधली. हे सगळे जुळवून टेबलावर ठेवल्याबरोबर आठवीतली एक मुलगी हसली आणि म्हणाली, "सर, हे तर जातं झालं!"

जातेच ते. मधली खीळ, खुंटा, आणि भरडणारा काठ. जनाबाईच्या गंगाखेडात आम्हाला जाते शिकवायला कोणी बाहेरून यायला नको होते. मलाच ते उशिरा दिसले.

राळ चिकटवण्यासाठी काच थोडी ऊन असावी लागते. स्टोव्हवर कधीही धरू नका, एका बाजूने तापली की तडकते. आम्ही चैत्रातल्या उन्हात तासभर ठेवली, तेवढे पुरले. मग ती सावलीत आणून सावकाश निवू दिली. आणखी एक गोष्ट. कडे खालच्या बाजूने बाहेर पडते तेव्हा तिथल्या कडेचे टवके उडतात. ते टाळायचे तर खाली खिडकीची साधी काच त्याच राळेने चिकटवून घ्यावी, म्हणजे टवके तिचे उडतात, आपल्या चकतीचे नाही. मला हे ठाऊक होते. वाचलेले होते. आणि तरी पहिल्या वेळी मी ते केले नाही.

कारण तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन चार दिवसांवर आले होते. त्यात चकती मांडावी अशी मला हौस. दहा दिवस मुले आळीपाळीने फिरवीत होती, चर चांगला खोल गेला होता, आणि कडे आता केव्हाही पार होईल असे दिसत होते. संध्याकाळची वेळ. ती आठवीतली मुलगी खुंट्यावर होती. एकाएकी थांबून ती म्हणाली, "सर, आवाज बदलला."

मी म्हणालो, "बदलू दे. फिरव तू." आणि काम लवकर व्हावे म्हणून फळीवर वरून दोन्ही हातांनी दाब दिला.

आवाज असा काही मोठा झाला नाही. खळ्ळ वगैरे नाही. नुसते ‘टक्’ असे झाले आणि खुंटा सैल फिरला. वर उचलून पाहिले तो चकतीचे तीन तुकडे. मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. ती मुलगी रडू लागली, तिला वाटले तिच्या हातून फुटली. तिला मी तिथेच सांगितले की तुझ्या हातून नाही, माझ्या हातून. पण हे सांगायला मला एक क्षण जास्तच लागला, आणि तो क्षण मला अजून बोचतो.

झाले काय होते, तर चर खोल गेल्यावर चकती भोवतालच्या काचेला अगदी पातळ काठाने धरलेली राहते. खाली आधार नाही आणि वरून दाब, मग ती मोडणारच. शिवाय पूड संपली होती. पूड ताजी असते तेव्हा खरखर असा भरड आवाज येतो. कण बोथट झाले की आवाज गुळगुळीत होतो आणि कडे नुसते सरकते. नंतर त्या मुलीने मला समजावून सांगितले, "आजी म्हणते, जातं रिकामं फिरलं की असंच वाजतं. मग वैरायला पायजे." माझ्या पुस्तकात पुडीचा नंबर होता, कड्याची जाडी होती. हे नव्हते.

दुसऱ्या काचेला त्या मुलीला खुंट्यावरून काढून कान लावून बसवले. तिचे काम एकच, आवाज ऐकणे. आवाज बदलला की ती म्हणे, "वैरा," आणि दुसरा पोरगा चमचाभर पूड व पाणी चरात सोडी. ते पाणी वाहून जाऊ नये म्हणून काचेवर चराच्या बाहेरून मातीचे आळे केले होते, झाडाला करतो तसे. आधी आम्ही कणकेचे करून पाहिले, तर रात्रीत उंदरांनी खाऊन टाकले! मग आपली काळी माती चाळून, खडे काढून भिजवली. ओली असेतो ती असे धरते की विचारू नका. मात्र रात्री ओले गोणपाट झाकून ठेवावे लागते, नाही तर सकाळी शेतासारख्या भेगा.

वजन फक्त विटेचे. हाताने दाबायचे नाही हा नियम मी फळ्यावर लिहिला आणि तो सर्वांत जास्त मलाच लागू होता. दर अर्ध्या तासाने काच टेबलावर थोडी वळवायची, म्हणजे फिरवणाऱ्याचा कल एकाच बाजूला पडून चर तिरका जात नाही. रोज दीड तास, असे अकरा दिवस लागले. विजेच्या उभ्या ड्रिल यंत्रावर हे काम तीन-चार तासांत होते असे जाणकार सांगतात, पण यंत्र अगदी सावकाश फिरले पाहिजे. वेगात फिरले तर पूड बाहेर फेकली जाते आणि काच तापते. संगमरवराला भोके पाडणारी हिऱ्याच्या दातांची नळीही बाजारात मिळते. तिने फार लवकर होते, मात्र यंत्र पक्के बसवलेले हवे. हातात धरून चालवाल तर एक हिसका पुरे.

गणित आवडणाऱ्या शिक्षकांसाठी एक हिशेब देतो. चर धरा तीन मिलिमीटर रुंद, घेर सुमारे चारशे ऐंशी मिलिमीटर, खोली एकोणीस. गुणाकार केला तर सत्तावीस घन सेंटिमीटर काच आम्ही दळली, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आत. मूठभर दळणाला सोळा तास! आणि त्यातून निघालेली चकती भरली आठशे चाळीस ग्रॅम.

शेवटच्या दिवशी त्या मुलीने हात वर केला. आवाज बदलला होता, पण रिकाम्या जात्याचा नव्हे, आणखी वेगळा, थोडा पोकळ. आम्ही थांबलो. वीटही काढली. नुसत्या फळीच्या वजनावर, एका पोराच्या दोन बोटांनी खुंटा फिरवीत, पाऊण तास. मग कडे खालच्या साध्या काचेत उतरलेले दिसले. राळ सुटावी म्हणून सगळे पुन्हा उन्हात ठेवले आणि सगळे जण सावलीत बसून राहिलो. कोणी घरी गेले नाही. चार वाजता चकती हातात आली.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, कारण मुलांचे हात यात आहेत. पहिली, काच कोणती घ्यावी. आजकाल दुकानांतली, दारांची, टेबलांची पुष्कळशी काच टफन्ड असते. ती करताना तापवून एकदम थंड केलेली असते, त्यामुळे तिच्या वरच्या थरात दाब आणि पोटात ताण कोंडलेला असतो. तिला चर पाडायला गेलात तर ती एका क्षणात हजार तुकडे होऊन पडते. मोटारीच्या बाजूच्या काचाही बहुधा तशाच. ओळखायचे कसे? पोलराइज्ड चष्मा कोणाकडे असेल तर मोबाइलचा किंवा संगणकाचा पांढरा पडदा त्यातून पाहावा आणि पडदा काळा दिसेपर्यंत चष्मा फिरवावा. मग मध्ये ती काच धरावी. साधी चांगली निवलेली काच असेल तर काळे ते काळेच राहते. टफन्ड असेल तर पांढुरके ठिपके, पट्टे दिसू लागतात. ही तपासणी पोरांना जादूसारखी वाटते, एकदा जरूर दाखवा. दोन काचांमध्ये प्लॅस्टिक घालून केलेली काचही आपल्या कामाची नाही.

दुसरी, कोरडे कधी घासू नये. काचेची आणि वाळूची कोरडी धूळ छातीत जाऊन बसते. दगड फोडणाऱ्या माणसांना होणारा खोकला आपण पाहिला आहेच. सगळे ओलेच ठेवावे, आणि सांडलेला चिखल वाळण्यापूर्वी पुसून घ्यावा. तो मोरीत ओतू नये, सिमेंटसारखा धरतो. बादलीत निवळू द्यावा. तिसरी, चकती निघाली की कोणाच्या हातात देण्यापूर्वी तिची धार मोडावी. विळ्याला धार लावतो तो दगड पाण्यात भिजवून चकतीच्या दोन्ही काठांवर तिरका फिरवावा, दोन मिलिमीटरची तिरकी पट्टी होईपर्यंत. हे हातांसाठी तर आहेच, चकतीसाठीही आहे. धारदार काठाचा टवका पुढे घासताना उडाला तर तो तुकडा आरशावर खोल ओरखडा काढतो.

गोलच का कापायची, चौकोनी चालणार नाही का, असा प्रश्न एका पालकाने मला विचारला आणि तो योग्य होता. आरसा खोलगट करण्यासाठी एक चकती दुसरीवर ठेवून, मध्ये पूड घालून, मागेपुढे घासतात आणि दोन्ही सतत थोड्या थोड्या वळवीत राहतात. असे केले की वरची आपोआप मधून खोलगट होते आणि खालची फुगीर. दोन पृष्ठे सगळ्या दिशांनी एकमेकांना चिकटून फिरू शकतील असा एकच आकार आहे, तो म्हणजे गोलाचा तुकडा. माणसाचे कौशल्य इथे कमी, घासण्याचा धर्म जास्त. चौकोनाचे कोपरे मात्र या फिरण्यात कमी-जास्त घासले जातात आणि दगा देतात. खोलगटपणा तरी केवढा? चार फुटांच्या नळीसाठी मधोमध फक्त सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर.

अमेरिकेत जॉन डॉब्सन म्हणून एक गृहस्थ होते. १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी म्हणून राहिले. तेथे त्यांना दुर्बिणीचा नाद लागला. मोडीत निघालेल्या जहाजांच्या गोल खिडक्यांची जाड काच आणून ते आरसे घासत आणि दुर्बिणी रस्त्यावर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवीत. या नादापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. २०१४ साली ते वारले तोवर लाकडी पेटीवर फिरणाऱ्या त्यांच्या पद्धतीच्या दुर्बिणी जगभर झाल्या होत्या. त्यांना जहाजाची काच आयती गोल मिळाली, एवढे त्यांचे नशीब. आमच्या गोदावरीत जहाज कोठून येणार!

आमच्याजवळ एकच चकती उरली होती आणि घासायला तर दोन लागतात. खालची चकती काचेचीच असली पाहिजे असे नाही. सिमेंटची सहा इंची थाळी ओतून तिच्यावर फरशीचे तुकडे बसवले तरी काम होते. आम्ही थाळी ओतली. फरशीचे तुकडे आणायला मी निघालो तेव्हा त्या मुलीने कपाटातून कागदात बांधलेली फुटकी चकती काढली आणि विचारले, "हे चालतील?"

चालले. त्या तीन तुकड्यांचे आणखी लहान तुकडे केले, धारा मोडल्या, आणि मध्ये पुडीला वाट ठेवून ते थाळीवर बसवले. त्यावर दुसरी चकती गेला पावसाळाभर फिरत होती. ऐंशीच्या पुडीनंतर क्रमाने बारीक पूड, मग डांबराच्या थराने झिलई. तो वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळे भाषण लागेल. ॲल्युमिनियमचा थर मात्र निर्वात पेटीत द्यावा लागतो, ते घरी होत नाही. त्यासाठी आरसा कापसात गुंडाळून, डब्यात घालून पुण्याला न्यावा लागला. परभणी स्टेशनवर गाडीची वाट पाहताना डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

नळी पत्र्याची आहे, गावच्या लोहाराने केलेली. मार्गशीर्षातल्या एका रात्री शाळेच्या पटांगणात चंद्राला लावली तेव्हा साठ-सत्तर माणसे जमली होती. त्या मुलीची आजीही आली होती. वाकून, एक डोळा हाताने झाकून तिने बराच वेळ पाहिले. मागची रांग कुरकुरू लागली तरी ती हलेना. मग म्हणाली, "टाकी लावल्यावानी दिसतंय की." जात्याच्या दगडाला टाकी लावल्यावर त्याच्या अंगावर खड्डे उठतात, ते तिला आठवले होते.